डार्टमूरवर इतिहास कुठे बघायचा? सह्याद्रीतून आलेल्या एका भटक्याला सविस्तर उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात असताना वर्षानुवर्षं गडकिल्ले केलेत. आता नोकरीसाठी इंग्लंडमधल्या प्लिमथला आहात, डार्टमूरचं उघडं, उंच माळरान तासाभरावर आहे. चार-पाच वेळा जाऊन आलात, टॉर (माथ्यावरचे खडकांचे ढीग) चढलात, फोटो काढलेत, पण मन भरलं नाही. ‘गडावर दरवाजा असतो, टाकं असतं, निदान वाड्याचं जोतं तरी असतं. इथे नुसतं गवत आणि दगड. पाटीसुद्धा नाही. एवढा इतिहास आहे म्हणतात, तो बघायचा कुठे? एखादं पुस्तक किंवा ॲप आहे का?’

मी टॅव्हिस्टॉकच्या बाजूला राहते आणि बरीच वर्षं लोकांना घेऊन मूरवर, म्हणजे या माळरानावर, चालते. आपल्याकडून आलेल्या जवळजवळ प्रत्येकाचा पहिला प्रश्न हाच असतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते. पुस्तकं पुष्कळ आहेत, ॲपही आहेत, त्या ॲपकडे शेवटी येऊ. अडचण माहितीची नाहीच. अडचण ही आहे की तुम्ही दर वेळी टॉरवर जाताय.

सह्याद्रीत ही सवय बरोबर आहे. तिथे सत्ता डोंगराच्या माथ्यावर बसायची. चढून गेलं की दरवाजा, सदर, बालेकिल्ला अशा क्रमानं गोष्ट उलगडते. डार्टमूरवर माथ्यावरून कुणी राज्य केलं नाही. टॉर म्हणजे सुमारे २८ कोटी वर्षांपूर्वीच्या ग्रॅनाइटचे ऊनपावसानं उघडे पडलेले ढीग. सुंदर आहेत, पण बहुतेकांवर माणसाचा हात फारसा लागलेला नाही. माणसं इथे आली ती चराईसाठी, कथिलासाठी, दगडासाठी, पाण्यासाठी. या कामांच्या खुणा माथ्यावर नाहीत, त्या उतारांवर, खिंडींत आणि ओढ्यांच्या काठानं पसरल्यात. आणि त्या एका जागी उभ्या नसतात, लांबच लांब पडलेल्या असतात: शेतांचे बांध, दगडांच्या रांगा, पाण्याचे पाट, ट्रामचे मार्ग. म्हणून नवीन माणसाला मी सांगते की एक दिवस टॉर सोडा. नकाशावर एखादी रेघ धरा आणि ती जिथे नेईल तिथे चाला.

हे कितपत जमेल ते तीन गोष्टींवर ठरेल. पहिली म्हणजे महिना. जून ते सप्टेंबर उतारांवर नेचा कमरेपर्यंत वाढतो आणि त्याखाली अख्खी वस्ती गडप होते. आपल्याकडे हिरवा डोंगर पाहायला पावसाळ्यात जातात. इथे इतिहास बघायचा तर हिरवाई हीच अडचण. नोव्हेंबर ते मार्च जा, तेही सकाळी लवकर किंवा दुपारी उशिरा. ऊन तिरपं आलं की वीतभर उंचीच्या बांधाचीही सावली पडते आणि दुपारी बाराला जे मुळीच दिसत नव्हतं ते दोनशे मीटरवरून ओळखू येतं. दुसरी गोष्ट नकाशा-होकायंत्र येतं का. धुकं दहा मिनिटांत उतरतं, आणि सह्याद्रीतल्यासारखं ‘धार सोडू नका’ असं सांगायला इथे धारच नसते. येत नसेल तर निदान पहिल्या खेपेला ज्याला येतं त्याच्याबरोबर जा. तिसरी, तुमच्याकडे गाडी आहे का. बस आहेत पण कमी, आणि हिवाळ्याचा दिवस आखूड.

नकाशा ऑर्डनन्स सर्व्हेचा ओएल २८ घ्या, एकास पंचवीस हजार प्रमाणाचा, छापील. फोनवरचाही ठेवा, पण रेघा शोधायला मोठा कागद लागतो. त्यावर जुन्या अवशेषांची नावं वेगळ्या, जुन्या वळणाच्या टायपात छापलेली असतात. घरी बसून फक्त तीच अक्षरं शोधा. ‘हट सर्कल’ (गोल घराचा पाया), ‘केर्न’ (रचलेल्या दगडांचा ढीग), ‘सिस्ट’ (दफनाची दगडी पेटी), ‘स्टोन रो’ (दगडांची रांग) यांची गर्दी बघून तुमचं ‘इथे काही नाही’ हे मत जागच्या जागी बदलेल. मूरवर ब्राँझ युगातल्या गोल घरांचे अवशेषच सुमारे पाच हजार आहेत.

आता प्रत्यक्ष एक वाट सांगते, कारण नुसती पद्धत सांगून उपयोग नाही. टॅव्हिस्टॉक ते प्रिन्सटाउन रस्त्यावर मेरिवेल नावाची लहानशी वस्ती आहे. तिथून रस्त्याच्या दक्षिणेला चालायला लागायचं. जमीन बरीचशी सपाट, चढ नाममात्र. लोक इथे गाडी थांबवतात, पंधरा मिनिटांत दगडांच्या रांगा बघतात आणि निघून जातात. तुम्ही अख्खा दिवस ठेवा.

आधी रांगा. दोन दुहेरी रांगा जवळजवळ समांतर, साधारण पूर्व-पश्चिम जातात. दक्षिणेची लांब, अडीचशे मीटरहून जास्त. बहुतेक दगड गुडघ्यापर्यंतही येत नाहीत, म्हणून फोटो काढणाऱ्यांची निराशा होते. रांगेच्या मधोमध उभं राहून टोकाकडे बघा. टोकाला आडवा बसवलेला मोठा दगड आहे, मध्ये एका लहान केर्नचं कडं आहे. या रांगा कशासाठी, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. मिरवणूक, मृतांची वाट, सूर्य-तारे, सगळं मांडून झालंय. मी उत्तर देत नाही. जे पायाखाली आहे तेवढं सांगते: रांगांच्या आसपास केर्न आणि सिस्ट आहेत, म्हणजे दगडी पेटीतली दफनं. थोडं दक्षिणेला तीन मीटरहून उंच एकटा दगड उभा आहे. म्हणजे मृतांशी या जागेचा संबंध होता इतकं धरून चालायला हरकत नाही.

रांगा आणि रस्ता यांच्या मधल्या उतारावर घरं आहेत. गोल, दगडी पायाची, जाड भिंतीचा खालचा थर तेवढा उरलेला, वर कधीकाळी लाकूड आणि गवताचं शंकूसारखं छप्पर. दार बहुधा वाऱ्याकडे पाठ करून, म्हणजे दक्षिण-आग्नेयेला. विदर्भातून आलेल्यांचा इथे हमखास घोळ होतो. नागपूरजवळ जुनापाणीला पाहिलेली शिळावर्तुळं डोक्यात असतात आणि तिथली वर्तुळं दफनाची, लोहयुगातली. इथे वर्तुळ दिसलं, जाड भिंत आणि दाराची फट दिसली, तर ते घर समजा. साधारण साडेतीन हजार वर्षांपूर्वीचं.

याच घरांमध्ये एक भलंमोठं दगडी चाक पडलंय, मधोमध भोक असलेलं. गडावर चुन्याच्या घाण्याचं चाक पाहिलं असेल, तसंच. पण हे सायडरसाठी सफरचंदं चिरडण्याचं. पाथरवटानं ते इथल्याच ग्रॅनाइटातून घडवलं आणि कुठल्याशा कारणानं नेलंच नाही. प्रागैतिहासिक घरं आणि हे चाक यांच्यात तीन हजार वर्षांचं अंतर आहे आणि दोन्ही एकाच गवतात पडलेत. मूर अशीच वाचायची असते. इथे थर एकावर एक नसतात, शेजारी शेजारी असतात, म्हणून कोणतं कशाला कापतंय ते बघत राहायचं. पाट बांधाला फोडून जातो, तर बांध आधीचा. वाट पाटाला वळसा घालते, तर वाट नंतरची. उत्खनन न करता, फक्त चालत, तुम्ही क्रम लावू शकता.

रांगांजवळचा मोठा सिस्ट हे याचं सगळ्यात चांगलं उदाहरण. त्याच्या वरच्या झाकणदगडाचा मधला भाग नाहीसा आहे. एकोणिसाव्या शतकात कुणीतरी त्यातून फाटकाचा खांब कापून नेला. ऐकून लोक हळहळतात. मला ते इतकं वाईट वाटत नाही. खांब नेणाऱ्याला तो चांगल्या आकाराचा दगड दिसला, थडगं दिसलं नाही. आपल्याकडच्या किती गडांचे चिरे पायथ्याच्या गावांत लागलेत ते तुम्हाला माहीतच आहे. आणि तो खांबही आता मूरच्या इतिहासाचाच भाग.

या वस्तीला स्थानिक लोक ‘प्लेग मार्केट’ म्हणत आलेत. गोष्ट अशी की १६२५ च्या साथीत टॅव्हिस्टॉक बंद पडलं, तेव्हा मूरवरचे शेतकरी इथे धान्य ठेवून जायचे आणि गावकरी पैसे ठेवून ते उचलायचे. साथ खरीच आली होती. बाजार नेमका याच गोल घरांत भरत होता का, हे परंपरा म्हणून ऐका. अशा गोष्टींबाबत मी एकच कसोटी लावते: जागा त्या कामाला सोयीची आहे का? इथे आहे. जुना टॅव्हिस्टॉक–ॲशबर्टन मार्ग याच भागातून जातो.

तो मार्गच आता धरा. पूर्वेकडे चालत गेलात की अंतराअंतरावर उभे दगड लागतात. एका अंगावर ‘टी’ आणि दुसऱ्या अंगावर ‘ए’ कोरलेलं. टी म्हणजे टॅव्हिस्टॉक, ए म्हणजे ॲशबर्टन. साधारण १७०० च्या सुमाराचे, पक्का रस्ता नव्हता तेव्हाचे. धुक्यात घोडेवाल्यानं एका दगडापासून पुढचा शोधायचा. ‘टी’ आपल्या तोंडासमोर असेल तर आपण कुठे चाललोय हे बघण्याची इथल्या मुलांना फार मजा वाटते. मोठ्यांनाही.

इथून दक्षिणेला फॉगिनटॉरच्या दगडखाणीत शिरा. आत पाणी साठलंय, भोवती उभे कापलेले कडे, बाहेर पडक्या घरांच्या भिंती. एकोणिसाव्या शतकात इथे खाणकामगार बायकामुलांसह राहत होते, जवळ शाळा होती. आज कावळे आणि कडे चढणारी मंडळी सोडून कुणी नसतं. खाणीत आणि बाहेरच्या सुट्या दगडांवर पाचरांच्या खुणा शोधा, कारण दगडाची तारीख त्यावरून ठरवता येते. लांबट, चपट्या खाचांची ओळ दिसली तर ते काम साधारण १८०० च्या आधीचं: खाच खणायची, पाचर ठोकायची. गोल भोकांची ओळ दिसली तर १८०० नंतरचं: भोक पाडायचं, दोन पातळ लोखंडी पट्ट्या सरकवायच्या आणि त्यांच्या मध्ये पाचर मारायची. एकदा ही खूण कळली की मूरवरचा कुठलाही फाटकाचा खांब, कुठलाही पूल तुमच्याशी बोलायला लागतो. मला विचाराल तर या एका माहितीनं जेवढं दिसायला लागतं तेवढं कुठल्याच पाटीनं दिसत नाही.

खाणीतून बाहेर पडणारी सपाट, रुंद वाट ही दिवसाची मोठी रेघ. १८२३ मध्ये इथे घोड्यांची ट्राम सुरू झाली. थॉमस टिरिट या माणसाच्या डोक्यातली ती कल्पना. प्रिन्सटाउन त्यानंच वसवलं. फ्रेंच युद्धकैद्यांसाठी तिथे तुरुंग बांधावा हा आग्रहही त्याचाच. १८०६ मध्ये काम सुरू झालं, १८०९ मध्ये कैदी आले. युद्ध संपलं, तुरुंग रिकामा झाला, गाव मरायला टेकलं. मग त्यानं ठरवलं की प्लिमथकडून चुना, लाकूड, कोळसा वर आणायचा, मूरची आम्लधर्मी जमीन सुधारून शेती करायची आणि परतीच्या वाघिणींत ग्रॅनाइट खाली पाठवायचा. शेती कधीच नीट झाली नाही. ग्रॅनाइट मात्र गेला. वाटेवर नीट बघितलंत तर भोकं पाडलेले चौकोनी दगड जमिनीत रुतलेले दिसतील. तेच त्या ट्रामचे स्लीपर.

१८८३ मध्ये बऱ्याचशा याच मार्गावरून वाफेची रेल्वे प्रिन्सटाउनला पोचली आणि १९५६ मध्ये बंद झाली. किंग्ज टॉरला ती एवढा मोठा वळसा का घालते, हे चालताना पायांनाच कळतं. चढ गाडीला झेपेल इतकाच ठेवायचा तर डोंगराला गुंडाळत जाण्यावाचून इलाज नव्हता. माथेरानच्या गाडीत बसला असाल तर हे समजावून सांगायची गरज नाही.

किंग्ज टॉरच्या वळणावर स्वेलटॉर खाणीचा फाटा लागतो. तिथे रुळांच्या कडेला डझनभर घडीव दगड गवतात ओळीनं पडलेत, प्रत्येकाचा आकार सारखा, वळणदार. हे लंडन ब्रिजचे. १८३१ चा पूल विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रुंद केला, तेव्हा बाहेर काढलेल्या पदपथाला आधार द्यायला ब्रॅकेट म्हणून इथे घडवले. जे लागले ते गेले, हे राहिले. तो पूल पुढे विकला गेला आणि १९७१ पासून अमेरिकेत ॲरिझोनाच्या लेक हवासू सिटीत उभा आहे. या दगडांवर बसून डबा खायला मला आवडतं. तुम्हीही खा, फक्त त्यांवर नाव कोरू नका.

इथून जुन्या रेल्वेच्या वाटेनं आणि मग उत्तरेला मेरिवेलकडे परत. सगळं मिळून आठ-नऊ किलोमीटर. माणसाच्या खुणा तीन-चार हजार वर्षांच्या, आणि एकही टॉर चढायची सक्ती नाही.

एक गोष्ट जाता जाता. हे सगळं बघताना मूर म्हणजे आदिम, अस्पर्श निसर्ग असं समजू नका. इथे जंगल होतं. ते माणसानं जाळून, चारून मागे हटवलं, आणि उघडी पडलेली माती पावसानं धुपून आम्ल झाली, त्यावर पीट, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर, साठलं. ब्राँझ युगात तर मूरच्या मोठ्या भागाची अक्षरशः आखणी झाली होती: मैलोन् मैल समांतर दगडी बांध, त्यांना इथे रीव्ह म्हणतात. त्यांचं वय आणि आवाका नीट कळला तो १९७० च्या दशकातल्या अँड्र्यू फ्लेमिंग यांच्या कामामुळे. डार्टमीटच्या बाजूला, कोम्बस्टोन टॉरजवळून तिरप्या उन्हात समोरच्या उतारावर बघा, ओळीच ओळी दिसतात. ज्याला तुम्ही ‘नुसतं गवत’ म्हणालात ते एकेकाळचं शेत आहे.

तुम्ही ग्रिम्सपाउंडलाही जाल, सगळेच जातात, म्हणून तिथली सूचना देऊन ठेवते. चोवीस घरांभोवती दगडी भिंतीचं कडं आहे. आपल्या डोळ्याला तटबंदी दिसली की लगेच किल्ला वाटतो. जरा वर बघा. हूकनी टॉर आणि हॅमलडाउन दोन्हीकडून वर उभे आहेत, तिथून कुणीही खाली दगड फेकू शकेल. अशा जागी किल्ला बांधणाऱ्याला शिवाजी महाराजांनी दारात उभं केलं नसतं. ही भिंत बहुधा गुरं आत ठेवायला आणि आपली हद्द दाखवायला. शिवाय १८९४ च्या उत्खननानंतर तिची काही ठिकाणी पुन्हा उभारणी झाली, त्यामुळे जो भाग फार व्यवस्थित दिसतो त्यावर फार विसंबू नका.

आता ॲप. जुने नकाशे हवेत तर नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडच्या संकेतस्थळावर इंग्लंडचेही फुकट बघता येतात, आजच्या उपग्रहचित्राशेजारी ठेवून. जाण्याआधी तुमची रेघ तिथे शोधा. विमानातून लेसरनं केलेल्या मोजणीचे लायडार नकाशेही सरकारनं खुले केलेत. नेचाखालचे बांध त्यात उघडे पडतात. पण ते आधी बघू नका, एकदा चालून आल्यावर बघा. नाहीतर तुम्ही जमिनीवर फक्त स्क्रीनवरचं तपासत बसता.

सुरक्षेचं थोडक्यात. मेरिवेलची ही वाट रस्त्याच्या दक्षिणेला आहे, पण उत्तरेला ग्रेट मिस टॉरच्या बाजूला लष्कराचा गोळीबाराचा पट्टा येतो. तिकडे जायचं तर वेळापत्रक आदल्या दिवशी बघा आणि लाल निशाण दिसलं की मागे फिरा. तिथे सापडलेली धातूची कुठलीही वस्तू उचलू नका. उकरणं, दगड हलवणं, दगडांचे नवे मनोरे रचणं तर नाहीच, कारण तुमच्या मनोऱ्याचा दगड कुणाच्या तरी केर्नचा असतो. चमकदार हिरव्या, सपाट, मऊ दिसणाऱ्या जागेवर पाय ठेवू नका. गोचीड असतात, तेव्हा लांब पँट घाला आणि घरी आल्यावर अंग तपासा. इथली घोडी रानटी दिसली तरी प्रत्येकीला मालक आहे, त्यांना खायला घालू नका.

मेरिवेल झालं की पुढे पूर्वेला हेटॉर करा, पण माथा सोडून. १८२० मध्ये जॉर्ज टेंपलर यांनी तिथे बांधलेल्या ट्रामचे रूळच ग्रॅनाइटचे आहेत आणि मार्गाला फाटा फुटतो तिथे दगडात कोरलेले सांधे अजून जागेवर आहेत. १८३१ च्या त्या लंडन ब्रिजसाठी दगड याच रुळांवरून खाली गेला. जवळच हाउंड टॉरखाली मध्ययुगात ओस पडलेलं गाव आहे, एकाच छपराखाली वरच्या अंगाला माणसं आणि उताराच्या अंगाला गुरं अशी लांबट घरं, गोठ्यातून बाहेर जाणाऱ्या नालीसकट. दोन्ही एका दिवसात होतात असं लोक सांगतील. पायांना होतात, पण रेघ धरून चालायचं असेल तर दोन वेगळे रविवार ठेवा, आणि गावाचा रविवार नेचा उगवायच्या आत, एप्रिलच्या आधीचा.